माझ्याच बागेपासून मी दूर

२०२२ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि घरात अजून पोरगा होतो. हसू नका. ज्याचा बाप जिवंत आहे आणि त्या बापाच्या हातात काठी आहे, तो माणूस पोरगाच असतो, मग त्याच्या स्वतःच्या पोरींची लग्नं होऊन त्यांना पोरं का झालेली असेनात. आमचे आबा, म्हादबा त्यांचं नाव, नव्वदीला टेकले होते. डोळे अधू झाले होते, कान मात्र तिखट. पडवीतल्या बाजेवर पडून ते अख्खं घर हाकायचे. काठी एकदा पडवीच्या पत्र्यावर आपटली की पाणी, दोनदा आपटली की चहा, आणि आपटतच राहिली की समजायचं, किसनला बोलावणं आहे. किसन म्हणजे मी. कोणत्या ओळीला पाणी सोडायचं, मेंढरं कुणीकडं न्यायची, पाहुण्याला दूध घालून चहा द्यायचा की कोरा, सगळं त्या बाजेवरून ठरायचं. मी मान हलवायचो. माझी नात कॉलेजात जाते, ती म्हणते आत्मकथनात लहानपण लिहितात. मीही तेच लिहून राहिलोय. माझं लहानपण त्या सालच्या भाद्रपदात संपलं, त्याला मी काय करू?

आमचं गाव टेंभुर्णीच्या अंगाला. आमची जात मेंढरांची, म्हणजे आजोबापर्यंत पायाला चाकं होती. आबांनी जमीन धरली आणि बसले. तरी दावणीला पंधरावीस मेंढरं आबांच्या हट्टानं राहिलीच. पहाटे आधी त्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजायच्या, मग गोदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, भाकरी थापायचा आवाज यायचा. परातीवर पडणाऱ्या त्या थापांवरून मला तिचा राग ओळखू यायचा. थाप जड पडली की मी तोंड न धुताच बागेत जायचो. न्याहारीला ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी आणि ताक. आजकाल डॉक्टरनं मला भाकरीचेच चतकोर ठरवून दिलेत, ठेचा तर बंदच केलाय. त्या डॉक्टरच्या दवाखान्यातही मी मोबाइलवर रस्ता बघत बघतच गेलो होतो, तेव्हा मला कुणी दोष देऊ नये की हा म्हातारा नव्या जमान्याचा वैरी आहे. मी वैरी नाही. मला फक्त आभाळातून कुणी हाक मारून हिशेब विचारलेला खपत नाही.

घरात आणखी एक मोठं माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्ता. हा तोफखान्यात नोकरी करून हवालदार म्हणून घरी आला. गाव त्याला फौजी म्हणतं आणि तो ते मनाला लावून घेतो. मिशीला रोज तेल. चहा पितानाही पाठ ताठ. त्याच्या बोलण्यात एक यंत्र सारखं यायचं. पहाडावर असताना म्हणे त्यांच्याकडं हातात मावेल असा जाड डबा होता. तो मोकळ्या आभाळाखाली धरायचा, थोडं थांबायचं, की आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत ते आकड्यांत कळायचं. तोफ कुठं उभी आहे हे बरोबर कळलं तरच गोळा बरोबर पडतो. हे सगळं करणारे उपग्रह होते परक्या देशाच्या फौजेचे. त्यांनी नितळ ते स्वतःला ठेवलं आणि बाकी दुनियेला मुद्दाम भुरकट दाखवलं. पुढं काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी भुरकटपणा काढला आणि सगळ्यांना फुकट मोकळं करून दिलं. मग आपल्या सरकारनंही स्वतःचे उपग्रह सोडले. दत्ता हे सांगायला लागला की उभा राहूनच सांगायचा. एकदा आबा बाजेवरून म्हणाले, "फुकट दिलं म्हंजी त्यांनी काहीतरी घेतलं आसन. बघ बरं तुझे खिसे." दत्तानं खरंच खिशाला हात लावला होता.

बघता बघता त्या डब्याचं पोट फुटलं आणि पिल्लं गावात शिरली. प्रत्येकाच्या मोबाइलात एक. लग्नपत्रिकेत "मंडपाचं लोकेशन" यायला लागलं, जणू गावातला मांडव एरवी कुणाला दिसलाच नसता. मोसंबीचा व्यापारी पूर्वी जालन्याहून यायचा तेव्हा वेशीत थांबून विचारायचा, मग कुणीतरी पोरगं त्याच्या टेम्पोत बसून आमच्या बागेपर्यंत यायचं, तेवढ्यात गावाला भावही कळायचा. आता तो फोनवर लोकेशन मागतो. एक टेम्पोवाला तर मोबाइल सांगतो म्हणून पाझर तलावाच्या भिंतीपर्यंत गेला आणि पाण्यापुढं उभा राहून हॉर्न वाजवत बसला. बाजूला एक बाई कपडे धूत होती, तिला विचारायला त्याची जीभ वळली नाही. जी वस्तू तोफेला रस्ता दाखवायची ती आता अशा माणसांच्या हातात आली होती. मी हसायचो. माझी पाळी यायची होती.

त्या साली आमच्या तलाठ्यानं सांगितलं की पिकाची नोंद, म्हणजे पीक पाहणी, आता ज्याची त्यानं करायची. पूर्वी तलाठी चावडीवर बसून विचारायचा, काय पेरलं, आणि आपण सांगू ते लिहायचा. कधी न विचारताही लिहायचा. आता शेतकऱ्यानं आपल्या गटात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या आपल्या तुकड्यात, उभं राहून मोबाइलवर गट नंबर टाकायचा आणि पिकाचा फोटो काढायचा. मोबाइल आभाळाला विचारणार की हा माणूस खरंच तिथं उभा आहे का. आभाळ हो म्हणालं तर नोंद. नाहीतर सातबाऱ्यावर लागणार "पड", आणि गारपीट झाली तर विम्याच्या वेळी कुणी ओळखही दाखवणार नाही. आबा म्हणाले, "जा, दत्ताला संगं घे. त्येचं यंत्र हाये त्ये." म्हणजे बासष्ट वर्षांच्या पोरानं पन्नाशीच्या पोराचं बोट धरून आपल्याच बागेत जायचं.

आमची बाग बरडावर आहे. खाली सगळा मुरूम. मी जवान असताना पहारीनं खड्डे खोदले, त्यात मेंढ्यांची लेंडी आणि गाळ भरला आणि मोसंबी लावली तेव्हा लोक म्हणाले, किसन दगडाला पाणी घालून राह्यला. मोसंबीला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, हे त्या हसणाऱ्यांना नंतर कळलं. त्या बागेवर दोन्ही पोरींची लग्नं झाली, विहीर बांधली, पत्र्याचं घर स्लॅबचं झालं. तिथल्या एकेका झाडाची खोड मला माहीत आहे. अशा झाडाखाली मी उभा राहिलो, दत्तानं आबांच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर टाकून मोबाइल धरला, आणि मोबाइलवर अक्षरं आली: आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात.

दत्ता म्हणाला, पानं आड येतात, मोकळ्यात चल. मोकळ्यात गेलो. दूर आहात. विहिरीवर चढलो. दूर आहात. मी म्हणालो, "दत्ता, तुझं आभाळ प्यालंय." तो चिडला. त्यानं मोबाइल छातीसमोर धरला आणि फौजेत चालतात तसा निघाला. जसजसं उताराला ओढ्याकडं गेलो तसतसं मोबाइलवरचं अंतर कमी व्हायला लागलं. ओढा ओलांडला, आणखी कमी. आम्ही पाटलाच्या काळ्या रानात शिरलो. त्या रानात बाळासाहेब पाटलानं बंगला बांधला होता. बाळासाहेब जालन्यात बी-बियाण्याचा व्यापार करतो. बंगल्यात त्याचे वडील अण्णा पाटील आणि एक गडी, एवढेच राहायचे. समोर विकत आणलेली हिरवळ होती, तिच्यावर जनावर सोडाच, माणसालाही पाय ठेवायची बंदी. त्या हिरवळीच्या फाटकापाशी दत्ता थांबला. मोबाइलवर हिरवी खूण आली होती. आभाळाच्या म्हणण्याप्रमाणं आम्ही आता आमच्या रानात उभे होतो. पाटलाचं कुत्रं आमच्यावर भुंकत होतं, त्याला बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं.

घरी येऊन आबांना सांगितलं. मला वाटलं ते मोबाइल फेकून देतील. ते तंबाखू मळत होते, मळतच राहिले. म्हणाले, "बराबर दाखवून राह्यलं. ती काळी आपलीच व्हती." मग मला जन्मात पहिल्यांदा कळलं की मी रांगत होतो तेव्हा आबांनी आणि अण्णा पाटलांनी जमिनीची अदलाबदल केली होती. आमच्या वाट्याला काळी जमीन होती, अव्वल. पण पावसाळ्यात काळ्या चिखलात मेंढरांची खुरं सडायची, मरायची ती. पाटलाच्या बरडावर पाणी थांबत नव्हतं. आबा तरणे होते, त्यांच्या जिवाला मेंढरंच मोठी. त्यांनी काळी देऊन बरड घेतली. दोघांनी खंडोबापुढं हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन शब्द दिला. तसा शब्द दिला की आमच्यात संपलं, त्याच्यावर कागद करायचा म्हणजे देवावर पोलीस बसवायचा. कागद तसेच राहिले. काळ्या रानाचा गट आबांच्या नावावर, बरडाचा पाटलाच्या नावावर. साठ वर्षं कुणाला फरक पडला नाही, कारण साठ वर्षं आभाळानं डोकावलं नव्हतं.

मी विचारलं, "आबा, मला सांगितलं का न्हाई?" तर म्हणाले, "तू लहान व्हतास."

हे प्रकरण आमच्या पडवीत राहिलं असतं. पण दत्ता फौजी. तो संध्याकाळी टेंभुर्णीला चहाला गेला होता, तिथं त्यानं चार माणसांत पाठ ताठ करून सांगितलं की पाटलाचा बंगला आमच्या गटात आहे, यंत्रानं दाखवलं, हे यंत्र तोफेला चालतं म्हणजे चूक बिलकुल नाही. त्याला वाटलं यंत्राची अब्रू वाढली. दोन दिवसांनी बाळासाहेबाची पांढरी गाडी आमच्या बागेपाशी उभी राहिली.

बाळासाहेब माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण बोलणं असं की जणू माझ्या बारशाला तो जेवलाय. पायात पांढरे बूट. तो मोसंबीच्या ओळींतून चालत गेला, मधोमध उभा राहिला आणि आपला मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. हिरवी खूण. बरडाचा गट त्यानं बापाकडून आधीच स्वतःच्या नावावर करून घेतला होता. तो म्हणाला, "किसनराव, सॅटेलाइट खोटं बोलत न्हाई. ह्या बहाराचा माल तुम्ही काढा, मला काही म्हणायचं न्हाई. पुढच्या बहारापासून मी बघतो." मी म्हणालो, मग तुमचा बंगला? तर म्हणे त्याचं नंतर बसून बोलू, बंगल्याची गोष्ट वेगळी असते. मी आभाळाकडं बघितलं. एवढ्या उंचावरून ओढ्याच्या अलीकडचं स्वच्छ दिसतं आणि पलीकडचं वेगळं असतं, हे मला दत्तानं सांगितलं नव्हतं. बाळासाहेबानं जाताना एक मोसंबी तोडली, सोलली आणि म्हणाला गोडी चांगली धरलीय. साल तिथंच टाकली.

त्या दिवसापासून गोदाच्या थापा इतक्या जड पडायला लागल्या की मेंढरं बिचकायची. ती मला काही म्हणाली नाही, भाकरीलाच म्हणायची, पहारीनं खड्डे खणले कोण आन् फळं सोलणार कोण. तहसिलात एकानं सांगितलं, दोघांच्या सह्या झाल्या तर अदलाबदल कागदावर येते, त्यात अवघड काही नाही. आम्ही तसा कागद करून त्यावर आबांचा अंगठाही घेतला, पण सही म्हटली की बाळासाहेब फोन उचलत नव्हता. दत्ताची मिशी खाली आली. त्याच्या यंत्रानं शत्रू दाखवायच्या ऐवजी त्याच्याच भावाला त्याच्या बागेत परका ठरवलं होतं, आणि यंत्र चुकलं असं म्हणावं तर फौजेतली सगळी नोकरी चुकली.

मग एका दुपारी आबांची काठी आपटतच राहिली. म्हणाले, मला पाटलाकडं ने. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाज ठेवली, बाजेवर आबा, डोक्याला पटका. बंगल्याच्या ओट्यावर झोपाळ्यावर अण्णा पाटील बसलेले, तेही नव्वदीचे, त्यांना दिसायचं पण ऐकू यायचं नाही. आबांना ऐकू यायचं पण दिसायचं नाही. दोघांनी एकमेकांचे हात चाचपले. "म्हाद्या, जिता हायेस का?" अण्णा म्हणाले. आबा म्हणाले, तुमच्यामागं जायचं ठरलंय, तुम्हीच खोळंबा करून राह्यलात. गड्यानं फोन केला असावा, चहा होईपर्यंत बाळासाहेब हजर. मला वाटलं आता आबा शब्दाची, भंडाऱ्याची गोष्ट काढतील, दोन म्हातारे रडतील आणि बाग वाचेल. आबा बशीतला चहा संपवून म्हणाले,

"बाळासाहेब, तुमचं यंत्र बराबर हाये. आपण यंत्राचंच मानू. बाग तुमची. काळी आमची. उद्यापास्नं."

एका वाक्यात माझी बाग गेली, मला विचारलंसुद्धा नाही. अण्णांना ऐकू गेलं नव्हतं म्हणून गड्यानं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. अण्णा हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत हसले. बाळासाहेब म्हणाला, "तसं नसतं आबा." आबा म्हणाले, "मंग कसं असतं?" बाळासाहेब बंगल्याच्या खांबाकडं बघत राहिला, मग घड्याळाकडं, मग म्हणाला की तो जालन्याच्या वकिलाशी बोलेल, आणि गाडीत बसून गेला. म्हणजे सगळं होतं तिथंच.

संध्याकाळी जेवताना मी बापापुढं पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणालो, बाग मी उभी केली, तुम्ही ती चहाच्या बशीसारखी देऊन टाकली. वकील आला तर पाटील बागही घेतील आणि बंगलाही ठेवतील, तुम्ही शब्द देऊन बसलात. गोदानं माझ्या ताटात न मागता ठेचा वाढला. आबा भाकरीचा तुकडा ताकात बुडवत होते. तो मऊ झाल्यावर त्यांनी तोंडात टाकला, सावकाश गिळला आणि म्हणाले, "उद्यापास्नं म्हन्लं मी. उद्या काय करायचं ते तू ठरीव. मला इचारू नको." आणि काठी बाजेखाली ठेवून दिली.

बासष्ट वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, आणि मी ताट तसंच ठेवून उठलो. आता माझ्या नातीच्या वयाची पोरं म्हणतात आम्हाला आमचं ठरवू द्या. ठरवा बाबांनो. मला विचाराल तर ते अंगावर पडल्यावर माणूस पहिल्यांदा काठीच्या आवाजाकडं कान देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदाच्या थापांच्या आधी उठलो. दावणीची सगळी मेंढरं सोडली आणि ओढा ओलांडून पाटलाच्या फाटकातून आत घातली. आमच्याकडं मोकळ्या रानात मेंढरं बसवतात, लेंडीनं जमीन सुधारते, लोक त्यासाठी मेंढपाळाला बोलावून नेतात. मी न बोलावता आलो, एवढाच फरक. विकतची हिरवळ मेंढरांना फार आवडली. गडी ओरडत आला, तर ओट्यावरून अण्णा पाटलांनी हातानंच त्याला गप्प केलं आणि मला झोपाळ्यावर शेजारी जागा करून दिली. एक मेंढी संगमरवरी पायरीवर चढली आणि तिनं आपल्या परीनं खत टाकलं. माझ्यामागं आलेल्या दत्ताला मी हाक मारली. त्यानं मोबाइल छातीसमोर धरला, पाठ ताठ केली, मिशी पुन्हा वर गेली होती. गट नंबर टाकला. हिरवी खूण आली. पिकाचं नाव विचारलं तिथं मी सांगितलं, गवत टाक. फोटोत मेंढरं आली, अर्धा बंगला आला आणि हसणारे अण्णाही आले, आणि नोंद झाली.

चहा दुसऱ्यांदा झाला तेव्हा पांढरी गाडी आली. बाळासाहेब उतरला, एक बूट लेंडीत पडला, मग दुसरा जपून ठेवला. "किसनराव, हे काय चाललंय?"

"पीक पाहणी," मी म्हणालो.

त्यानं मोबाइलकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं, बापाकडं बघितलं. अण्णांनी त्याच्याकडं बघितलंच नाही, ते एका कोकराला पोळीचा तुकडा दाखवत होते. मग बाळासाहेब हळूच म्हणाला, "तो अदलाबदलीचा कागद कुठंय?" दत्तानं खिशातून काढला. सहीला टेकायला बाळासाहेबानं इकडं तिकडं जागा बघितली, तशी मी त्याला ओट्याची कड दाखवली. झोपाळ्यावरून मी उठलो नाही. आभाळाच्या हिशेबानं सही होईपर्यंत मी माझ्याच रानात होतो.